पश्चिमेचा वारा, पश्चिमेचं ऊन

एप्रिल-मे आला की या सदराकडे येणाऱ्या बहुतेक पत्रांत एकच तक्रार असते: घरात बसवत नाही. यंदाची पाच पत्रं निवडली आहेत. मी रत्नागिरीत गेली सव्वीस वर्षं घरांचे आराखडे करते. त्याआधी शाळेच्या सुट्टीत वडिलांच्या हाताखाली चिरे, म्हणजे जांभा दगडाचे ठोकळे, मोजत असे. ते गवंडी होते. त्यांच्याकडून शिकलेलं आणि कॉलेजात शिकलेलं, दोन्ही उत्तरांत येईल.

प्रश्न : ताई, गुहागर तालुक्यातलं आमचं घर आजोबांच्या वेळचं, जांभ्याचं आणि कौलारू. आम्ही सगळे डोंबिवलीला. वर्षातले दहा महिने घराला कुलूप. शाकारणीला माणूस मिळत नाही, वानरं कौलं फोडतात, पावसाळ्यानंतर दार उघडलं की भिंतींवर बुरशी. मुलं म्हणतात पाडून स्लॅबचं बांधू. भाऊ म्हणतो हात लावू नका. तुमचं मत काय? (एक वाचक, डोंबिवली)

उत्तर : काका, घर पाडू नका. पण मुलांची तक्रार खोटी नाही, ती आधी घेते. कोकणात कौलं उतरवली जातात त्याला हौस हे कारण थोडं, वानरं आणि माणसांची टंचाई हे जास्त. एक वानर या आढ्यावरून त्या आढ्यावर उडी मारतं आणि दहा कौलं जातात. घरात माणूस असला तर तो दुसऱ्या दिवशी ती बदलतो. तुमच्याकडे ती भोकं ऑक्टोबरपर्यंत तशीच राहतात, पाणी वाशावर, वाशावरून भिंतीत. तुमची बुरशी बरीचशी तिथूनच येते.

तरीही स्लॅब नको म्हणते, त्याचं कारण सांगते. आपण साधारण १७ अक्षांशावर आहोत. मेच्या दुसऱ्या आठवड्यात रत्नागिरीत भर दुपारी सूर्य अगदी डोक्यावर येतो, अंगणात काठी उभी केली तर सावली पडत नाही. ऑगस्टच्या सुरुवातीला तो परत डोक्यावर येतो. म्हणजे आपल्या घराला ऊन लागतं ते मुख्यतः छपराला. भिंती कितीही जाड करा, छप्पर चुकलं तर घर तापणारच. पाच इंची स्लॅब दिवसभर ऊन पितो आणि रात्री झोपायच्या वेळी खाली सोडतो. कौल पातळ असतं, सूर्य मावळला की अर्ध्या तासात निवतं, आणि दोन कौलांमधल्या फटींतून आतली गरम हवा वर निघून जाते. जुन्या घरात त्याखाली फळ्यांचा माळा असे. माळ्यावर भाताची कणगी, नारळ, जुनी भांडी, आणि त्या सगळ्याखाली माजघर भर दुपारी थंड. नंतर अनेकांनी खोली उंच दिसावी म्हणून माळे काढले आणि "कौलारू घरही तापतं हो" म्हणू लागले. कौल आणि माळा ही जोडी आहे, एकाला काढलं की दुसऱ्याचा उपयोग निम्मा होतो.

दुसरं कारण गंजाचं. समुद्रापासून तीन-चारशे मीटरवरचं अठरा वर्षांचं एक घर पाहायला गेले होते. पडवीच्या स्लॅबला खालून चीर दिसली. हातोडीचा हलका ठोका दिला तर ताटाएवढा पोपडा खाली आला, आणि आतली सळई दिसली. बारा मिलिमीटरची सळई नखाने खरवडली तर सालीसारखी सुटत होती, आत पेन्सिलीएवढाही लोखंडाचा गाभा उरला नव्हता. सळईवर काँक्रीटचं आवरण जेमतेम पाऊण इंच. भारतीय मानक ४५६ किनाऱ्यावरच्या उघड्या काँक्रीटला किमान ४५ मिलिमीटर आवरण आणि एम ३० दर्जा सांगतं. आपल्याकडे ठेकेदार मुंबई-पुण्याच्या सवयीने २० मिलिमीटर ठेवतो, पाणी सढळ हाताने घालतो आणि खारा वारा उरलेलं काम करतो. स्लॅब म्हणजे कायमचं, ही समजूत किनाऱ्यावर तरी सोडावी. तुमच्या आजोबांचं जोतं शंभर वर्षं उभं आहे.

मग करायचं काय? भिंती आणि जोतं ठेवा. छप्पर पूर्ण उतरवा, प्रत्येक वासा आणि तुळई टोकाकडून टोचून बघा. लाकूड कुजतं ते भिंतीत रुतलेल्या टोकाला, मधे नाही. फणसाचं, किंजळीचं, ऐनाचं चांगलं लाकूड परत वापरा. तुमचं घर बंद असतं आणि वानरांचा त्रास आहे, म्हणून तुमच्यासाठी मी कौलाचा हट्ट धरणार नाही. वर फिक्या रंगाचा जाड पत्रा, खाली किमान एक फूट हवेची पोकळी, आणि पोकळीखाली फळ्यांचा किंवा बांबूचा माळा. आढ्याखाली दोन्ही टोकांना जाळी लावलेले झरोके, वळचणीलाही जाळी, म्हणजे पोकळीतली हवा सतत फिरेल. खोल्यांतही भिंतीत उंचावर समोरासमोर दोन-दोन जाळीचे झरोके ठेवा, कुलूप असतानाही उघडे राहणारे. बंद घराला बुरशी लागते ती कोंडलेल्या दमट हवेमुळे. कौलाशिवाय घर ओळखू येणार नाही असं तुमच्या भावाला वाटेल. त्याला हेही सांगा की ज्याला आपण मंगलोरी कौल म्हणतो तेही बाहेरूनच आलं: १८६५ मध्ये बासेल मिशनने मंगळूरला कारखाना काढला, त्यानंतर. त्याआधी गावच्या कुंभाराची नळीची कौलं होती. आपल्या आधीच्या पिढ्यांनीही छप्पर बदललं आहे.

पत्रा लावताना वादळाचा विचार मात्र आधी. ३ जून २०२० ला निसर्ग वादळ रायगडच्या किनाऱ्यावर आलं तेव्हा दापोली-मंडणगडात मी पुढचे दोन महिने छपरंच पाहत होते. वारा वळचणीखाली शिरून छप्पर खालून उचलतो. जिथे पडवीचं छप्पर आणि मुख्य छप्पर एकाच पत्र्याचं होतं तिथे पडवी उचलली आणि तिने सगळं घर उघडं केलं. म्हणून पडवीचं छप्पर मुख्य छपरापासून वेगळं, एक पायरी खाली करा. दुपाखीपेक्षा चौपाखी छप्पर वाऱ्याला चांगलं तोंड देतं. आणि सांगाडा भिंतीच्या माथ्यावरच्या काँक्रीटच्या पट्ट्यात बोल्टने धरा. नुसता भिंतीवर टेकवून ठेवू नका.

प्रश्न : मालवणला आमचा तीन वर्षांपूर्वी बांधलेला स्लॅबचा बंगला आहे. दिवसा ठीक, पण रात्री अकरा वाजता बेडरूममध्ये पंख्याखाली झोपलं तर अंगावर गरम वारा येतो. दोन एसी घेतले, बिल डोळ्यांत पाणी आणतं. घर पुन्हा बांधू शकत नाही. काही उपाय? (एक वाचक, मालवण)

उत्तर : वहिनी, आज रात्री एक करा. अकरा वाजता स्टुलावर चढून छताला हात लावा, मग भिंतीला लावा. छत नक्की कोमट लागेल. पंखा त्याच छताला टेकलेली हवा खाली ढकलतो. एसी आधी तो स्लॅब गार करण्यात वीज घालवतो, मग तुम्हाला.

म्हणून उपाय वरूनच. स्लॅबवर दुसरं छप्पर करा, मोकळं. आपल्याकडे गळतीच्या भीतीने अनेकजण पत्र्याची शेड करतातच, पण निळा किंवा तांबडा गडद पत्रा, उंची चार फूट आणि बाजू पत्र्यानेच बंद. तो मग वरचा तवा होतो. बाजू मोकळ्या ठेवा, पत्रा पांढरा किंवा फिका घ्या, मधल्या भागात माणूस ताठ उभा राहील एवढी उंची ठेवा, आणि पश्चिमेला थोडी पुढे काढा. तिथे आमसुलं आणि पापडही वाळतील. शेडचे खांब स्लॅबवर नुसते उभे करू नका, खालच्या खांबांच्या ओळीत धरा. खर्च जास्त वाटला तर एक मोसम पांढऱ्या चुन्याचे दोन हात देऊन बघा, फरक पहिल्याच आठवड्यात जाणवेल. पण कोकणात पावसानंतर पांढरा स्लॅब शेवाळाने काळा होतो, दर ऑक्टोबरला घासून पुन्हा रंगवावा लागेल. मी स्वतः शेडच करीन.

तुम्ही पत्रात सौरऊर्जेचंही विचारलं आहे. फेब्रुवारी २०२४ पासूनच्या पीएम सूर्यघर योजनेत ३ किलोवॉटच्या संचाला ७८,००० रुपये अनुदान आहे. त्याला साधारण ३०० चौरस फूट जागा लागते, आणि तेच पॅनल स्लॅबला सावलीही देतात. चांगल्या उन्हात एका किलोवॉटला रोज चारेक युनिट मिळतात. आषाढ-श्रावणात ते फार उतरतात हे धरूनच हिशेब करा. नटबोल्ट स्टेनलेस स्टीलचे मागा, साधे दोन पावसाळ्यांत गंजतात. पण हे सगळं शेडनंतर. आधी घराला लागणारी वीज कमी करा, मग ती तयार करा. पंखेही बदला: जुना पंखा ७५ वॅट खातो, कमी विजेवर चालणारा बीएलडीसी मोटरचा पंखा ३० च्या आसपास. एसी लावायचाच झाला तर २६ वर ठेवून सोबत पंखा मंद चालवा. दमट हवेत अंगावरून फिरणारा वारा हाच खरा गारवा देतो.

प्रश्न : वेंगुर्ल्याजवळ समुद्रासमोर जागा आहे. होमस्टे बांधतोय. समुद्र पश्चिमेला, म्हणून त्या बाजूची संपूर्ण भिंत काचेची करायचं ठरवलंय. इंटीरियरवाला म्हणतो डबल काच लावली की झालं. बरोबर आहे का? (एक तरुण जोडपं, वेंगुर्ला)

उत्तर : नाही, आणि हे मी माझ्या चुकीवरून सांगते. कामाच्या तिसऱ्या की चौथ्या वर्षी गणपतीपुळ्याच्या बाजूला एका कुटुंबाचं घर केलं. दिवाणखान्याची पश्चिमेची भिंत बारा फूट काच. कागदावर फार देखणी होती. पहिल्या एप्रिलमध्ये दुपारी चार वाजता त्यांच्याकडे गेले. जाड पडदे ओढलेले, आत ट्यूबलाइट लावलेली, एसी चालू, आणि घरातल्या आजी मागच्या पडवीत बसलेल्या. समुद्र घरातून दिसतच नव्हता. त्या आजींनी मला चहा दिला आणि एका शब्दाने बोलल्या नाहीत, ते मला फार लागलं. दुसऱ्या वर्षी माझी फी न घेता आम्ही त्या काचेसमोर नऊ फूट खोल पडवी घातली, वळचण माणसाच्या डोक्याच्या थोडी वर एवढी खाली आणली, आणि अर्धी काच काढून लाकडी उघडणारी दारं बसवली. आता आजी तिथेच बसतात.

कोकणातल्या घराचा सगळा पेच पश्चिमेकडे आहे. उन्हाळ्यात दुपारचा समुद्री वारा पश्चिम-वायव्येकडून येतो, तो हवाच. तीन ते सहाचं तिरपं, भिंतीला लागणारं ऊनही तिथूनच. जून ते सप्टेंबर झडही नैऋत्येकडून. वारा घ्यायचा, ऊन आणि झड थोपवायची, आणि तिन्ही एकाच बाजूने येतात. काच लावली की वारा बंद आणि ऊन आत. डबल काच आतला गारवा धरते, पण थेट पडलेलं ऊन तिच्यातून आत येतंच. आपल्या पडवीने हा पेच केव्हाच सोडवला आहे. खोल पडवी, पावसाळ्यात तिला माडाच्या चुडतांची झापं बांधायची आणि दसऱ्याच्या आसपास सोडायची. आज झापांऐवजी बांबूच्या चिका किंवा तिरप्या लाकडी पट्ट्या लावा. कुडाळ भागात माणगा बांबू चांगला मिळतो, भरीव असतो, फक्त बोरॅक्स-बोरिक ॲसिडची प्रक्रिया केलेलाच घ्या, नाहीतर दोन वर्षांत भुंगा लागतो.

खिडक्यांचं वेगळं. केंद्राच्या ऊर्जा कार्यक्षमता ब्युरोची २०१८ ची इको-निवास संहिता उष्ण-दमट प्रदेशातल्या घराला उघडणाऱ्या दारं-खिडक्यांचं क्षेत्रफळ चटईक्षेत्राच्या १६.६६ टक्के, म्हणजे सहावा हिस्सा, सांगते. उष्ण-कोरड्या प्रदेशाला १० टक्केच. इथे 'उघडणाऱ्या' हा शब्द महत्त्वाचा. ॲल्युमिनियमची सरकती खिडकी सहसा अर्ध्याहून जास्त उघडत नाही. चार बाय चारची खिडकी दिसते सोळा चौरस फूट, वारा येतो आठातून, डासांची जाळी लावली की त्याहून कमी. १२० चौरस फुटांच्या खोलीला २० चौरस फूट मोकळी वाट हवी. बाहेर उघडणारी तावदानं करा. जुन्या गजाच्या खिडक्यांना वरचं आणि खालचं अशी वेगळी दारं असत, खिडकी जमिनीपासून फूट-दीड फुटावरच सुरू होई, कारण माणसं जमिनीवर बसत-झोपत. पाहुणे जमिनीवर गाद्या घालून झोपणार असतील तर तशीच करा. आणि समोरच्या भिंतीत तेवढीच मोठी वाट हवी, वाऱ्याला बाहेर पडायला जागा नसेल तर तो आतही येत नाही.

प्रश्न : दापोलीला घर सुरू करतोय. चिरा की एएसी ब्लॉक (हवेचे बुडबुडे असलेल्या हलक्या काँक्रीटचा)? चिऱ्याला बाहेरून प्लास्टर करावं का? (एक वाचक, दापोली)

उत्तर : चिरा, पण 'चिरा थंड असतो' म्हणून नव्हे. हा गैरसमज मीही बरीच वर्षं बाळगला. जाड दगडी भिंत दिवसाची उष्णता पोटात ठेवते आणि रात्री सोडते. सोलापूरसारख्या ठिकाणी मेमध्ये दुपारी ४० आणि पहाटे २५, तिथे रात्रीची गार हवा ती भिंत निववते. आपल्याकडे दिवसा ३२-३३ आणि रात्री २६-२७. भिंत निवायला रात्र पुरतच नाही. म्हणून कोकणात चिऱ्याच्या भिंतीवर ऊन पडूच द्यायचं नाही, वळचण किंवा पडवी किंवा निदान पश्चिमेला पानवेलीचा नाहीतर तोंडलीचा मांडव. सावलीतला चिरा खरंच गार राहतो.

चिरा घ्या म्हणते ते तो खाणीतून हवेत आला की अधिक टणक होतो, भट्टीत भाजावा लागत नाही आणि जवळून येतो म्हणून. लॅटेराइट हे त्याचं नाव १८०७ मध्ये फ्रान्सिस बुकाननने केरळात पाहून ठेवलं, लॅटिन शब्दाचा अर्थ वीट. जगाच्या कार्बन उत्सर्जनात सिमेंटचा वाटा सात-आठ टक्के धरतात, त्यामुळे जोडाईचं सिमेंट वाचवा: सांधे पातळ ठेवा, बाहेरून प्लास्टर करू नका, नुसत्या दर्जा, म्हणजे चिऱ्यांमधल्या फटी, भरा. प्लास्टर केलेल्या चिऱ्यात शिरलेलं पाणी आत अडकतं आणि आतल्या बाजूला लोणा (पांढरा क्षार) फुटतो. जोत्याच्या माथ्यावर ओल अडवणारा थर मात्र न चुकता घ्या, आणि जोतं अंगणापासून दोन फूट तरी वर. एएसी ब्लॉक हलका आहे, उष्णता चांगली अडवतो, वरच्या मजल्याच्या पश्चिम भिंतीला मी कधी कधी वापरते. पण तो पाणी पितो, आणि आपल्या झडीत त्याचं प्लास्टर एक वर्षही फुटलेलं चालत नाही.

एक विनंती. शक्य तिथे पाडलेल्या घराचे जुने चिरे घ्या. चिरेखाणी आपले सडे, म्हणजे कातळाची उघडी पठारं, कापत चालल्या आहेत. पावसाळ्यात ज्या कातळावर तेरड्याची आणि सीतेच्या आसवांची फुलं येतात, ज्याच्यावर रत्नागिरी-राजापूरची कातळशिल्पं कोरलेली आहेत, तो कातळ म्हणजेच हा जांभा. एकदा कापलेला सडा परत येत नाही. माझे वडील जुना चिरा उलटा करून, ताशीव बाजू आत घेऊन लावत, आणि तो नव्याहून मजबूत असतो म्हणत. मला आजवर तसाच अनुभव आला आहे.

प्रश्न : राजापूर तालुक्यात वाडीवर राहतो. पावसात घराभोवती ओढे वाहतात, एप्रिलपासून टँकर. छपराचं पाणी साठवून पुरेल का? (एक शेतकरी वाचक)

उत्तर : पिण्या-स्वयंपाकाला नक्की पुरेल, दादा. हिशेब असा: छप्पर १,००० चौरस फूट, म्हणजे ९३ चौरस मीटर. वर्षाचा पाऊस ३ मीटर धरला, आपल्याकडे त्याहून थोडा जास्तच पडतो, तर पडतं जवळजवळ २ लाख ८० हजार लिटर. उडून-सांडून जाणारं वजा केलं तरी सव्वादोन लाख हाती लागतं. घरात पाच माणसं, माणशी ४० लिटर, आणि मार्चपासून १०० दिवस, एकूण २०,००० लिटर. म्हणजे आतून १० फूट लांब, १० फूट रुंद आणि पाणी साडेसात फूट उभं राहील अशी टाकी. ती फेरोसिमेंटची (तारेच्या जाळीवर सिमेंटचा गिलावा दिलेली) करा, साध्या काँक्रीटपेक्षा सिमेंट-लोखंड कमी लागतं. जूनमधल्या पहिल्या तीन-चार मोठ्या सरींचं पाणी टाकीत घेऊ नका, त्यात कौलांवरची माती आणि पक्ष्यांची घाण असते. पन्हळीच्या नळाला खाली एक बाजूची वाट ठेवा, ती उघडी टाकून पहिलं पाणी अंगणात सोडा, मग बंद करा. टाकी भरून घ्या ती ऑगस्टच्या शेवटी आणि सप्टेंबरमध्ये, तोवर छप्पर धुऊन स्वच्छ झालेलं असतं. झाकण उजेड आत जाणार नाही असं घट्ट, जादा पाण्याच्या नळाला बारीक जाळी. भरून वाहणारं पाणी विहिरीच्या वरच्या अंगाला खड्डा घेऊन जिरवा. टाकीची जागा पडवीच्या जोत्याखाली मिळाली तर उत्तम, सावलीत राहते, आणि स्वयंपाकघरापासून चार पावलांवर हातपंप बसवता येतो.